कुलपातले चाकू

३ फेब्रुवारी

पेटी नाही!

सकाळी चहा झाल्यावर कपाट उघडलं, तर खालचा कप्पा रिकामा. नुसता वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला, त्यावर तेलाचे डाग. आधी वाटलं, मीच कुठेतरी हलवली असेल. पलंगाखाली वाकून पाहिलं. माळ्यावर बघावं म्हणून स्टुलावर चढलो, तेवढ्यात सूनबाई धावत आली. आधी खाली उतरा म्हणाली. उतरलो. मग जमिनीकडे बघत सांगते — पेटी मी नेऊन ठेवलीय, बाबा. विचारलं, कुठे? तर म्हणे, आहे एका ठिकाणी, काळजी करू नका.

एका ठिकाणी! अख्खा जन्म बंदरं पालथी घालून देशोदेशीचे खिशातले चाकू जमवले, आणि हिने ते परस्पर उचलून एका ठिकाणी ठेवले. मला विचारायची गरज नाही. मी कोण? कोपऱ्यातली छत्री.

मी जेवलो नाही. म्हणजे दुपारी. संध्याकाळी जेवलो. पोटाशी कसलं भांडण.

४ फेब्रुवारी

तळपायाची आग अजून मस्तकातच आहे. लिहून काढतो, म्हणजे उतरेल.

जहाजावर होतो तेव्हा मी एकही चाकू दुकानातून घेतला नाही. दुकानातल्या चाकूने काय कापलेलं असतं? काही नाही. माझी रीत वेगळी होती. खिशात एक कोरा करकरीत चाकू ठेवायचा, आणि बंदरावर ज्याच्या हातात जुना, झिजलेला, घडीचा चाकू दिसेल त्याच्याशी अदलाबदल करायची. भाषा लागत नाही. मी नवा पुढे करायचो आणि बोटाने त्याचा जुना दाखवायचो. निम्म्या लोकांना मी वेडा वाटायचो. काही लोक चाकूकडे जरा वेळ बघायचे, पातं पँटला पुसायचे, मिटायचे आणि माझ्या हातात द्यायचे. पुसून देणाऱ्याचाच घ्यायचा, हा माझा नियम. न पुसता देणाऱ्याचा त्याच्यावर जीवच नसतो, तो घेऊन काय करायचं?

स्पेनचा लांबोडका, उघडताना कर्र-कर्र-कर्र करतो — तो जाळी दुरुस्त करणाऱ्या एकाचा. फ्रान्सचा लाकडी मुठीचा, मानेशी कडी फिरवली की पातं अडकून बसतं — तो बंदराबाहेर फळं विकणाऱ्या बाईचा. तिने चाकू तर दिलाच, वर एक पेर कापून खायला घातलं. सार्डिनिया बेटावरचा मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीचा. त्याचं पातं पानाच्या आकाराचं, धार लावून लावून निम्मं उरलेलं. देणारा म्हातारा मेंढपाळ होता. त्याने चाकू दिला, दहा पावलं गेला, परत आला, पुन्हा एकदा हातात घेऊन बघितला आणि मग गेला. मला वाटलं होतं परत मागतो की काय.

रविवारी सकाळी पेटी उघडायची. एकेक पुसायचा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडायचा, दोनदा उघडायचा, दोनदा मिटायचा. आमची ही होती तेव्हा म्हणायची, लोक रविवारी झोपा काढतात आणि आमच्याकडे लढाईची तयारी चालते. म्हणायची खरी, पण तेलाची बाटली तीच आणून द्यायची.

आता ती नाही. पेटीही नाही.

५ फेब्रुवारी

एक मात्र वाचलाय! जपानचा. मी पेन्सिलीने लिहितो, आणि टोक करायला तो मागच्या आठवड्यात बाहेर काढला होता, तो तसाच कोटाच्या खिशात राहिला. सूनबाईला पत्ता नाही. छोटासा, सपाट. दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीत पातं मिटतं. खटका नाही, कडी नाही. मागे एक शेपटी असते, तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, एवढंच. तिकडे पूर्वी शाळेतली मुलं त्याने पेन्सिली तासायची, असं देणाऱ्या सुताराने खुणा करून सांगितलं होतं.

चष्म्याच्या घरात ठेवलाय. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. घर तिनेच आणून दिलेलं. तिच्या नाकाखाली!

८ फेब्रुवारी

हे सगळं का, ते आता ध्यानात आलं. मागच्या महिन्यात न्हाव्याकडून येताना मी रस्ता चुकलो. एकदा. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता, वळसा घेतला आणि भलतीकडे गेलो. माणसाला होतं असं. जहाजंसुद्धा चुकतात. पण तेव्हापासून घरात कुजबुज सुरू झाली असणार. म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. म्हाताऱ्याच्या हातात चाकू नको.

नुसते चाकूच नाहीत. स्वयंपाकघरातली सुरी गेली. भाजी आता चिरलेली येते, पिशवीत. सूनबाईच्या कात्र्या गेल्या. दाढीचा वस्तरा गेला, त्याजागी विजेवर गुणगुणणारं यंत्र आलं. त्याने दाढी होत नाही, गालाला नुसत्या गुदगुल्या होतात. गॅलरीच्या दाराला कुलूप. बाथरूमची आतली कडी काढून टाकली — विचारलं तर म्हणे, आत कोणी पडलं तर? कोणी म्हणजे मीच ना!

आणि सकाळी कामावर जाताना ती बाहेरून कुलूप लावते. दुसरी किल्ली खालच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. आग लागली तर त्या येणार म्हणे. त्यांचे गुडघे बघता आम्ही तोवर कोळसा होऊ.

९ फेब्रुवारी

पोरगाही घरीच आहे. ते राहिलं लिहायचं.

तो रंगांच्या कारखान्यात. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा आणला, की अगदी तसाच रंग डब्यात उतरवून द्यायचा, हे त्याचं काम. त्याची नजर फार बारीक. मला दोन पांढऱ्यांतला फरक कळत नाही, तो पाच सांगतो. तर तो महिन्यापासून रजेवर आहे. मोठी रजा, म्हणाला. बाकी काही बोलत नाही. त्याच्या खोलीत पडून असतो. दार उघडंच ठेवायचं असा सूनबाईचा हुकूम.

सरळ आहे. मी हरवू नये म्हणून त्याला घरी बसवलंय. भर उमेदीतला माणूस बापाची राखण करत बसलाय. हे मात्र मला सोसत नाही. मला कोंडा, पण त्याला कशाला?

१० फेब्रुवारी

खिडकीत बसलो. खाली चपला शिवणारा बसतो, त्याच्या हातात रापी. चामडं असं कापतो की आवाज येत नाही. मी तासभर बघत होतो. शेवटी त्याने वर बघून हात केला. मीही केला. माझा बाहेरच्या जगाशी एवढाच संबंध उरलाय.

११ फेब्रुवारी

आज पोराला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तू कामावर जा. मी दार उघडणार नाही, हरवणार नाही, गॅसला हात लावणार नाही. माझ्यापायी नोकरी घालवू नकोस.

तो पलंगावर उठून बसला. दाढी वाढलीय. मग म्हणाला, "बाबा, मी घरी आहे ते तुमच्यामुळे नाही."

त्याला खोटं बोलायला लहानपणापासून जमत नाही. चेहरा लगेच उतरतो. आजही उतरला. माझं मन राखायला बोलला बिचारा.

१२ फेब्रुवारी

आमच्या जहाजावरच्या जुन्या आचाऱ्याचा फोन. त्यालाही सुनेने स्वयंपाकघरात बंदी केलीय, मीठ दोनदा घालतो म्हणून. म्हणाला, अरे, तुला निदान कुलपात ठेवलाय, मला तर टीव्हीपुढे ठेवलाय. आम्ही दोघं हसलो. फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही.

त्याने एक किडा मात्र डोक्यात सोडला. म्हणाला, विकली तर नसेल ना पेटी? असल्या वस्तूंना हल्ली गिऱ्हाईक असतं.

१३ फेब्रुवारी

विचारलं. राहवलं नाही. ती कामावरून आली, पाणी पीत होती, तेव्हाच विचारलं, चाकू विकलेस का? आणखीही बोललो. माझ्या घरात मला कैदी केलंस म्हणालो. आमची ही असती तर तुझी हिंमत झाली नसती म्हणालो. एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही.

तिने भांडं खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं. पोरगा दारात येऊन उभा होता, भिंतीसारखा पांढरा. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, म्हणजे नाही अशी. मग तो परत आत गेला.

माझ्या पाठीमागे यांच्या खाणाखुणा चालतात. आता तर तोंडासमोरच.

१४ फेब्रुवारी

जेवताना सूनबाई विचारते, बाबा, चाकूंना तेल कुठलं लावता?

मी म्हटलं, डोक्याला लावायचं. टोमणा मारला. तिने नीट मान डोलावली!

१५ फेब्रुवारी

झोप लागली नाही. डोक्याचं तेल घट्ट होतं, बिजागऱ्या चिकटून बसतील. स्पेनचा तर कायमचा मुका होईल. सकाळी ती निघायच्या आत गाठलं आणि सांगितलं, शिवणयंत्राचं तेल. एक थेंब. काडीच्या टोकाने. मग उघडायचा, मिटायचा, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. बोट पात्याच्या वाटेत ठेवायचं नाही, जपानी असता तर — एवढं बोलून जीभ चावली. तिच्या ध्यानात आलं नाही. चपला घालत होती.

म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आज दुपारच्या सुट्टीत बाटलीच आणणार होते.

म्हणजे आहेत. विकलेले नाहीत. आणि ती त्यांना तेल लावतेय, जेवणाची सुट्टी मोडून. कुठे बसून लावते देव जाणे. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. राग धरून ठेवावा, तर ही बाई धरू देत नाही.

१८ फेब्रुवारी

काही नाही. खिडकी. चपला शिवणारा आला नाही.

२० फेब्रुवारी

आज हातावर तुरी दिल्या!

सूनबाई कचरा टाकायला खाली गेली, दार नुसतं ओढलेलं. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. ती मागच्या बाजूला होती, मी पुढच्या बाजूने सटकलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. बसथांब्यावर बसलो. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. ऊन चांगलं होतं. एक बाई शेजारी बसून फोनवर कोणाला तरी झापत होती. मला ते ऐकायलाही गोड वाटलं. कोणी मला उतरा म्हणालं नाही, बसा म्हणालं नाही. रस्ता मला पाठ होता. मुद्दाम एक वळसा जास्त घेऊन, काही न चुकता, परत आलो. हे तिला दाखवायचंच होतं.

वर आलो तर दार सताड उघडं. सूनबाई जिन्यात माझ्या मागून आली, धापा टाकत. खाली मलाच शोधत असणार. पण माझ्याकडे न बघता ती मला ओलांडून आत धावली, पोराच्या खोलीत. तो पलंगावर बसलेला. तेव्हा कुठे तिने भिंतीला हात टेकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला एकट्याला टाकून गेलात?"

मी म्हटलं, मी म्हातारा आहे, तो नाही. एकटं कोण राहायला घाबरतं? तिला शब्दही धड सुचत नव्हते. मी हरवलो असतो म्हणायचं होतं, आणि तोंडातून भलतंच आलं. एवढी घाबरली होती.  ते बघून मी गप्प बसलो. नाहीतर आज माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

२१ फेब्रुवारी

दाराला वरूनही एक कडी बसवली. सुताराने ड्रिल चालवलं तेव्हा माझ्या दाढा हलल्या.

२२ फेब्रुवारी

आता खरंच गुदमरतोय. जहाजावरची माझी खोली या खोलीच्या निम्मी होती. चार चार महिने पाण्याशिवाय काही दिसायचं नाही, पण कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही. कारण जहाज कुठेतरी जात असतं. ही खोली कुठे जातेय?

सकाळपासून मी, पोरगा आणि घड्याळ. तो त्याच्या खोलीत छताकडे बघतो, मी माझ्या खोलीत खिडकीकडे. दोघांना एकाच कुलपात ठेवून चावी तिसऱ्याकडे. जेवायला समोरासमोर बसतो. मी काही विचारलं की हो किंवा नाही. आज म्हटलं, मीठ कमी आहे का रे? तर म्हणाला, हो. मग म्हटलं, जास्त आहे का? तर म्हणाला, हो.

मी असाच सडत राहिलो तर हा पोरगाही माझ्याबरोबर सडेल. सूनबाईशी एकदा शेवटचं बोललं पाहिजे. मला कुठल्याही वृद्धाश्रमात टाका, पण याला मोकळा करा. मी जाईन. रडणार नाही. पेटी तेवढी बरोबर द्या.

२३ फेब्रुवारी

बोललो नाही. उद्या.

२४ फेब्रुवारी

आज काय झालं! लिहायलाच हवं.

दुपारी टेबलाशी बसलो होतो. पोरगा स्वतः उठून माझ्या खोलीत आला. महिनाभरात पहिल्यांदा. खुर्ची ओढून बसला. माझी पेन्सिल उचलली, उजेडात धरली, टोकावरून बोट फिरवलं.  मग म्हणाला, हे शार्पनरचं टोक नाही. याला पैलू आहेत, लांब. हे चाकूने तासलंय.

पकडला गेलो! कोणाच्या ध्यानात आलं नसतं, पण याची नजर. रंगातला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, पेन्सिल कशी सुटणार? आणि मीही गाढव. टोक म्हणजे चाकूनेच करायचं, हे हाताला इतकं सवयीचं की लपवायचं सुचलंच नाही. पातं जरा बोथट झालंय, नाहीतर आणखीही लांब पैलू पाडले असते.

मी चष्म्याचं घर उघडलं. लपवून काय उपयोग? आणि खरं सांगायचं तर मला दाखवायचाच होता. त्याने कधी माझ्या चाकूंकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आज बघत होता, डोळे न हलवता. मी त्याला सुताराची गोष्ट सांगितली. शेपटीवर अंगठा कसा दाबायचा, अंगठा उचलला की पातं कसं सैल पडतं, सगळं सांगितलं. किती दिवसांनी एवढं बोललो! तो ऐकत होता. कपाळावर घाम आला होता त्याच्या, पंखा चालू असून.

मग म्हणाला, "बाबा, हा मला द्याल?"

कोणी मला आधी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. माझ्यामागे हे सगळं कोणाला द्यायचं, हा घोर मला किती वर्षं होता. मी चाकू पुसला. सदऱ्याच्या टोकाने, दोन्ही बाजूंनी. मिटला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याने मूठ आवळली आणि उठून गेला.

मी आनंदाने एकटाच हसत बसलो. चाकू गेला, पण आज कोंडल्यासारखं वाटलं नाही.

२६ फेब्रुवारी

चाकू माझ्यापासून लपवलेच नव्हते. त्याच्यापासून लपवले होते.

सूनबाईने आज पहाटेच माझ्याजवळ बसून सांगितलं. त्याला जगणं नकोसं झालंय. मागच्या महिन्यात रखवालदाराने त्याला इमारतीच्या गच्चीवरून हाताला धरून खाली आणलं. डॉक्टरांचं औषध चालू आहे. कुलूप, कडी, सुरी, वस्तरा, सगळं त्याच्यासाठी. बाबांना कळता कामा नये, असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून ती मला काही न सांगता माझं बोलणं ऐकून घेत राहिली. आणि परवा मी स्वतःच्या हाताने, पुसून, त्याला चाकू दिला. 

तो चाकू त्याने ती घरात पाऊल टाकताच तिच्याकडे दिला. म्हणाला, "हा घरात आहे हे टोकावरून कळलं, मग दुसरं काही सुचेना. तू घेऊन जा. आणि बाबांना सांग आता. मला एकट्याला हे धरवत नाही."

सकाळी ती निघताना म्हटलं, बाहेरून लावू नकोस, आतून मी लावतो, किल्ली माझ्याकडे दे. तिने दिली. तो आता माझ्या शेजारी खुर्चीवर बसलाय. मी काय लिहितोय ते त्याला दिसतंय. दिसू दे.